प्रवासांतला कोरा दिवस

प्रवासाचें सुख वेळापत्रकाच्या काटेकोरपणावर अवलंबून असतें, अशी समजूत हल्लीं घरोघरीं दृढ झालेली दिसते. गाडीचें आरक्षण ६० दिवस आधीं, भक्तनिवासाची खोली आधीं, दर्शनाची वेळहि आधींच! मग वृद्ध आईला घाटावर आणखी घटकाभर बसावेंसें वाटलें, तरी चिरंजीव घड्याळ दाखवून तिला उठवितात. जिच्यासाठीं यात्रा योजिली, तिच्याच वांट्याला धांवपळ यावी, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं, मथुरेच्या यज्ञांत दक्षिणा मिळून घरचें कर्ज फिटेल या आशेनें उत्तरेकडे निघाले. वाटेंत बंडाचा वणवा पेटला व बेत विस्कटला. झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, लुटले गेले; तरी परततांना गंगेची कावड आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतली झांशी मूळ बेतांत नव्हतीच.

असें संकट कोणीं मागून घेऊं नये. तिकिटें अवश्य काढावींत; मुलेंबाळें बरोबर असतां रात्रीचा मुक्कामहि ठरलेला असावा. परंतु चार दिवसांच्या यात्रेंत एक दिवस कोरा ठेवावा आणि तो कसा घालवावयाचा, हें त्याच सकाळीं वडील माणसांनीं व मुलांनीं ठरवावें. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी जुनी व्युत्पत्ति आहे. त्याला आपण देव मानितों. मग न योजिलेल्या दिवसाचेंहि तसेंच स्वागत कां करूं नये?