ओसाड बेटावरचा दिवा

रात्रीच्या अंधारात समुद्रातले खडक बोटीला दिसत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर आणि बेटांवर उंच मनोरे बांधून त्यांवर मोठा दिवा लावतात. त्यांना दीपगृह म्हणतात. अशाच एका दीपगृहाची हकिगत आज आपण वाचू.

स्कॉटलंड देशाच्या पश्चिमेला, भर समुद्रात फ्लॅनन नावाची लहान बेटे आहेत. तिथे गाव नाही, शेत नाही. जवळचे मोठे बेट सुमारे ३२ किलोमीटर दूर. यांतल्या एका बेटावर २३ मीटर उंचीचे दीपगृह बांधले. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा प्रथम लागला. बेटावर तीन राखणदार राहत. रात्रभर दिवा सांभाळायचा, सकाळी काचा पुसून तेल भरायचे, हे त्यांचे काम.

१५ डिसेंबर १९०० च्या रात्री जवळून एक आगबोट गेली. दिवा विझलेला होता! राखणदारांच्या बदलीची बोट वादळामुळे उशिरा, २६ तारखेला पोचली. पाहतात तो घर रिकामे. घड्याळ बंद. दिवा मात्र पुसून, तेल भरून तयार. मग तिघे गेले कुठे?

पुढे लोकांनी नाना गोष्टी रचल्या. कोणी म्हणे भुताने नेले, कोणी म्हणे जेवण अर्धे टाकून पळाले. पण तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने काय पाहिले? स्वयंपाकाची भांडी स्वच्छ होती. पाटीवरची शेवटची नोंद १५ तारखेच्या सकाळची होती. पश्चिमेच्या धक्क्यावरचे लोखंडी कठडे वाकले होते. पाण्यापासून ३३ मीटर उंचावर दोरांची पेटी ठेवलेली असे. ती फुटून दोर विखुरले होते. म्हणजे समुद्र तिथवर चढला होता!

दोर वाचवायला राखणदार खाली गेले आणि मोठ्या लाटेने त्यांना ओढून नेले, असे अधिकाऱ्याने ठरवले. एकाचा पावसाळी कोट घरातच होता. तो बहुधा सोबत्यांच्या मदतीला तसाच धावला असावा. हे कोणी डोळ्यांनी पाहिले नाही, पण खुणा तेच सांगतात. आपल्याकडेही अशी काही वार्ता उठली, तर आपण आधी खुणा पाहाव्यात, मग बोलावे.

बदलीच्या बोटीवरचे चौघे त्या दिवशी बेटावरच थांबले. मनात भीती असेल, दुःख असेल. तरी रात्री त्यांनी दिवा लावला. समुद्रावरच्या बोटी त्याच दिव्याच्या भरवशावर चालत होत्या ना!

१९७१ पासून तिथला दिवा यंत्राने आपोआप लागतो. राखणदार आता लागत नाहीत.