कास्टिंगचे वजन चुकतेय? शीटमध्ये बनवा स्वतःचे फंक्शन

कागल : कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. कास्टिंगचा दर बहुतेकदा किलोवर ठरतो. त्यामुळे कोटेशनच्या शीटमध्ये वजन चुकले, की पैशांचे गणितही चुकते.

चूक कुठे होते?
२०० × १०० × ५० मिमीचा ठोकळा घ्या. ग्रे आयर्नची घनता साधारण ७.२, म्हणजे वजन ७.२ किलो. जुन्या शीटमधून स्टीलचा ७.८५ हा आकडा कॉपी झाला, तर हजार नगांमागे तब्बल ६५० किलोंचा फरक!

उपाय काय?
गूगल शीट्समध्ये २०२२ पासून ‘नेम्ड फंक्शन्स’ची सोय आहे. कोडिंग लागत नाही.
• संगणकावर ‘डेटा’ मेनूतून ‘नेम्ड फंक्शन्स’ उघडा.
• इंग्रजी अक्षरांत नाव द्या, उदा. ‘कास्टवेट’.
• लांबी, रुंदी, जाडी अशी तीन आर्ग्युमेंट्स भरा.
• सूत्र : तिन्हींचा गुणाकार × ७.२ ÷ १० लाख. मापे मिमीत, उत्तर किलोत.

आता घनता एकाच जागी राहते. तिथे दुरुस्ती केली, की त्या फाइलमधील सगळ्या ओळी सुधारतात.

हे लक्षात ठेवा
• दुसऱ्या फाइलमध्ये फंक्शन इम्पोर्ट करावे लागते. नंतरची दुरुस्ती तिथे आपोआप पोहोचत नाही.
• किचकट अटींसाठी अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिता येते. मात्र त्याने ३० सेकंदांत उत्तर द्यायला हवे, आणि ते इतर सेल बदलू शकत नाही.
• कोटेशन पाठवण्यापूर्वी एक तयार नग काट्यावर ठेवून उत्तर पडताळा.