तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे

विश्वचषक फुटबॉलसाठी रशियाने २०१८ मध्ये व कतारने २०२२ मध्ये तिकीटधारकांना विशेष ओळखपत्रे दिली. तीच व्हिसाच्या जागी चालली. २०२६ च्या स्पर्धेचे यजमान मात्र अमेरिका, कॅनडा व मेक्सिको असे तीन देश आहेत. भारतीयांस अमेरिका व कॅनडा यांचे स्वतंत्र व्हिसा लागतात; अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागत नाही.

अमेरिकेच्या व्हिसासाठी तिकिटामुळे मुलाखतीची तारीख लवकर मिळू शकते, मंजुरीची हमी नाही. अर्जदार तेथेच राहू इच्छितो, असे तेथील कायदा गृहीत धरतो. परतण्याचा हेतू त्यालाच पटवून द्यावा लागतो. नकार आल्यास १८५ डॉलरचे शुल्क परत मिळत नाही.

व्यापारी घरांत पैसा पेढीच्या खात्यात खेळतो, वैयक्तिक खात्यात शिल्लक बेताची. म्हणून अर्जापूर्वी उसनी रक्कम भरून ती फुगवणे संशयास निमंत्रण देते. त्यापेक्षा आयकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी व पेढीतील भागीदारीचा लेख जवळ असावा, आणि तोंडी उत्तरे त्यांच्याशी जुळावीत. विमान व निवास यांचे परतावा न मिळणारे आरक्षण व्हिसा हाती आल्यावरच करावे.