मुंबई ते लंडन : 9 तास 52 मिनिटे

पहाटे 5.30
सहार विमानतळावरच्या कार्यालयात पाऊल टाकले की मनगटावरचे घड्याळ विसरायचे. जानेवारीतला गारठा बाहेर, आत भिंतीवर ग्रीनविचचे घड्याळ : बरोबर मध्यरात्र. जगभरचे वैमानिक आणि आम्ही फ्लाइट डिस्पॅचर याच वेळेने चालतो. रात्रपाळीचा सहकारी टेबल सोपवतो. दुपारचे लंडन आज माझ्याकडे.

7.00
आधी नोटॅम, म्हणजे कुठले आकाश बंद, कुठली धावपट्टी दुरुस्तीला, याच्या सूचना. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला तर सुमारे 7,200 किलोमीटर भरतो. तो कराची, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. पण युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे आणि पाकिस्तानचे एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना. म्हणून ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, ग्रीस असा वळसा : 7,900 किलोमीटर. जमिनीवरची भांडणे आकाशात अशी मोजावी लागतात.

8.30
आता वारे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, आणि हिवाळ्यात त्याला जोर येतो. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर. आज वाटेभर सरासरी 100 चा वारा समोरून. उरले 800. उत्तर : 9 तास 52 मिनिटे. परतीला हाच वारा पाठीशी असतो, तेव्हा तासाहून अधिक वाचतो.

10.00
इंधन. तासाला सुमारे साडेपाच टन, म्हणजे प्रवासापुरते 54. त्यावर पाच टक्के राखीव, पर्यायी विमानतळापर्यंतचे, शिवाय अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते. लंडनला धुक्याचा अंदाज आहे. शेजारचे गॅटविकही त्यातच सापडेल, म्हणून पर्याय मँचेस्टर. त्यासाठी जादा इंधन, आणि ते वाहून न्यायलाही इंधनच लागते.

11.45
कॅप्टन कागद बारकाईने वाचतात. "धुकं वाढलं तर? अजून एक टन देता का?"
"देतो, कॅप्टन."
यावर घासाघीस करायची नसते. आम्ही दोघे सही करतो.

दुपारी 1.30
पुशबॅक, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलणे. वीस मिनिटांनी उड्डाण. प्रवाशांच्या तिकिटावर पाच तासांहूनही कमी फरक दिसतो, कारण लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे आहे. शरीराला मात्र पुरते दहा तास बसून काढायचे आहेत. दोन वाजता मी टेबल पुढच्या पाळीला सोपवतो.

रात्री 11.39
घरी जेवणे आटोपलीत. मोबाइलवर निरोप : लंडनला उतरले, हिशेबापेक्षा तीन मिनिटे आधी. धुके विरळ होते. मँचेस्टरचे इंधन टाकीत तसेच आहे. ते वापरावे लागले नाही, याचेच समाधान घेऊन दिवा मालवतो. उद्या पहाटे वारे बदललेले असतील आणि याच दोन शहरांमधला वेळ पुन्हा पहिल्यापासून मांडायचा आहे.