गोळीतली वाळू?
मसाल्याच्या पाकिटावर किंवा प्रोटीन पावडरच्या डब्यावर ‘५५१’ हा आकडा दिसला, की ‘आम्हाला वाळू खायला घालतात का?’ असे वाचक विचारतात. सूत्रापुरते ते खरे आहे. वाळूतले क्वार्ट्झ आणि ‘५५१’ ही पूड, दोन्ही सिलिकॉन डायऑक्साइडच, म्हणजे सिलिका. पण सिलिकाच्या बाबतीत सूत्र फार थोडे सांगते. अणूंची मांडणी कशी आहे आणि कण शरीरात कोणत्या वाटेने जातात, यावर सारे ठरते. हीच सिलिका औषधांतही असते. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांत गोळ्या दाबणाऱ्या यंत्रात औषधाची पूड न अडखळता उतरावी लागते; ती चिकटली, की गोळीगणिक औषध कमी-जास्त पडते. वजनाच्या जेमतेम टक्काभर सिलिका ते टाळते. ही सिलिका नदीपात्रातली नव्हे. जर्मनीत देगुसा कंपनीच्या हॅरी क्लोप्फर यांनी १९४० च्या दशकात सिलिकॉन टेट्राक्लोराइड ज्योतीत जाळून ती मिळवली, आणि शोध चालला होता रबरात घालायच्या काजळीला पर्याय म्हणून! तिच्या नेहमीच्या प्रकारात एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे २०० चौरस मीटर भरतो. ज्योतीबाहेर ती इतकी झटकन निवते, की स्फटिक बनायला अवधीच उरत नाही.

अशी अस्फटिकी सिलिका ज्वारीही जमिनीतून शोषून पानांत साठवते. घातक ठरते ती स्फटिकी सिलिकेची धूळ, तीही श्वासातून गेली तर. खंभातला अकीक घासणारे कारागीर सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजाराने खंगत आले आहेत, आणि भीतीचा खरा धनी तो कारागीर आहे, गोळी गिळणारा नव्हे. ‘पण गोळीतल्या सिलिकेचे कण नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आहेत,’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो तपासला आणि २०२४ मध्ये सध्याच्या वापरात धोका नसल्याचा निर्वाळा दिला. ही संस्था उद्योगांना सांभाळून घेते म्हणावे, तर २०२१ मध्ये तिनेच टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या खाद्यरंगाला सुरक्षित म्हणायला नकार दिला होता. केस, नखे, हाडे यांसाठी सिलिका विकणाऱ्यांचे दावेही तिने २०११ मध्येच पुराव्याअभावी फेटाळले. निरुपद्रवी असणे वेगळे आणि उपकारक असणे वेगळे; पूरक गोळ्यांच्या जाहिराती नेमकी इथेच गल्लत करतात. शिवाय सिलिकॉन धान्याच्या कोंड्यातून रोज पोटात जातेच, आणि आपल्याकडच्या बेसॉल्टातल्या विहिरींच्या पाण्यातही ते विरघळलेले असते.