गारेगार कॉकटेल आणि साखरेचा हिशेब

बर्फासोबत घुसळलेली कॉकटेल ही उष्ण, दमट किनाऱ्यांची देणगी आहे. फ्रोझन डायकिरी नावारूपाला आली ती क्यूबात, हवाना शहरातल्या ‘एल फ्लोरिडिटा’ बारमध्ये, कोन्स्तान्तिनो रिबालायग्वा यांच्या हातून. अननस, नारळ आणि रम यांचा पिना कोलाडा प्वेर्तो रिकोचा. सान हुआनमधलं कॅरिबे हिल्टन हॉटेल सांगतं, की आपल्याकडच्या रामोन मारेरो या बारटेंडरने तो १९५४ मध्ये पहिल्यांदा केला. १९७८ मध्ये प्वेर्तो रिकोने त्याला आपलं अधिकृत पेय ठरवलं. कोकण-गोव्याच्या माणसाला ही पेयं लगेच आपलीशी वाटतात, कारण हवा तशीच आणि फळंही तीच. अननस आणि काजू हे दोन्ही पोर्तुगीजांनीच दक्षिण अमेरिकेतून आपल्या किनाऱ्यावर आणले.

अडचण एकच, साखर. ती कमी करून घरी ही पेयं करायला गेलं, की कधी दगड होतो, कधी पाणी होतं, कधी चवच लागत नाही. मग पुन्हा पाकाची बाटली निघते. दोष हाताचा नसतो, समजुतींचा असतो. गोठवलेल्या पेयात साखर तीन कामं करते: गोडी देते, बर्फ मऊ ठेवते आणि दाटपणा आणते. साखर कमी करायची, तर ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात. एवढं ध्यानात ठेवलं, की पुढचे गैरसमज सुटायला लागतात.

गैरसमज १ : साखर फक्त गोडीसाठी असते. ती वगळली की काम झालं.

वस्तुस्थिती : चांगलं फ्रोझन पेय म्हणजे द्रवात तरंगणारे बर्फाचे बारीक कण. पाण्यात काहीही विरघळलं, की ते शून्य अंशाच्या खाली गोठतं. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर घातली, तर गोठणबिंदू जेमतेम अर्धा अंश खाली येतो. तेवढाच मद्यार्क घातला, तर सुमारे चार अंश. साखरेचा रेणू मद्यार्काच्या रेणूपेक्षा सातपटीहून जड असतो. म्हणून सारख्या वजनात मद्यार्काचे रेणू कितीतरी जास्त भरतात, आणि गोठणबिंदू रेणूंच्या संख्येवर ठरतो. याचा अर्थ, कॉकटेलमध्ये बर्फ मऊ ठेवण्याचं बरंचसं काम मद्यच करतं. त्या कामासाठी साखर ओतायची गरज नाही.

साखर काढल्यावर खरी उणीव भासते ती दाटपणाची. बर्फाच्या कणांमधला द्रव पातळ झाला, की स्ट्रॉने सगळा रस वर येतो आणि ग्लासात पांढरा, बेचव बर्फ उरतो. हा दाटपणा फळाच्या गरातून मिळतो. बर्फाचे खडे कमी करून फळाच्याच फोडी गोठवून घातल्या, तर गरातले तंतू आणि पेक्टिन पाण्याला धरून ठेवतात.

बारच्या कृतींमध्ये एवढी साखर का असते, यामागे यंत्रही आहे. डॅलसमधल्या मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ मध्ये सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून फ्रोझन मार्गारिटाचं यंत्र बनवलं. ते आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अशा यंत्रात तासन्‌तास फिरणारं मिश्रण मऊ राहावं, म्हणून त्यात साखरेचं प्रमाण राखावं लागतं. घरी आपण करतो आणि लगेच पितो. यंत्राची अट आपल्याला लागू नाही.

गैरसमज २ : रम जास्त घातली, की बर्फ आणखी मऊ राहतो.

वस्तुस्थिती : मऊ राहत नाही, वितळतो. आपल्याकडची बहुतेक रम ४२.८ टक्के मद्यार्काची असते. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास चालतो. एवढ्या थंडीत ती बाटली गोठतच नाही. पूर्ण पेयात मद्यार्काचं प्रमाण ७ ते १० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं, तर पोत जमतो. आठ टक्क्यांचं मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवलं, तर पाणी हळूहळू बर्फ होत जातं आणि उरलेला द्रव अधिकाधिक कडक होतो. शेवटी सुमारे पाव भाग न गोठता राहतो. म्हणूनच ते काट्याने खरवडता येतं. मद्य याहून खूप वाढवलं, तर सरबत होतं. रम मोजून घालण्याचं दुसरं कारण आरोग्याचं आहे, ते पुढे येईल.

गैरसमज ३ : रम उसाच्या मळीपासून होते, तेव्हा तिच्यात साखर असणारच.

वस्तुस्थिती : आंबवताना यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करतं. पुढे ऊर्ध्वपातनात वाफ वर जाते आणि उरलीसुरली साखर भांड्यातच राहते. त्यामुळे साधी रम, व्होडका, टकीला किंवा गोव्याची काजूफेणी यांत मुळात साखर नसते. काही रममध्ये मात्र ती नंतर मिसळली जाते. नारळाच्या स्वादाच्या गोड रम आणि संत्र्याच्या सालीची लिकर यांत तर ती भरपूर असते. युरोपीय संघाच्या नियमांत एखाद्या पेयाला लिकर म्हणायचं, तर लिटरमागे सर्वसाधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. तेव्हा मूळ मद्य साधं घ्यावं आणि स्वाद फळाचा द्यावा.

पण साखर नाही म्हणजे ऊर्जा नाही, असं नव्हे. मद्यार्काच्या एका ग्रॅममधून सात किलोकॅलरी मिळतात, साखरेच्या एका ग्रॅममधून चार. साठ मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम मद्यार्क आणि सुमारे १४० किलोकॅलरी. तेही एक थेंब पाक न घालता.

गैरसमज ४ : ताज्या फळांचं कॉकटेल म्हणजे ‘शुगर फ्री’.

वस्तुस्थिती : शंभर ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते, केळ्यात १२, अननसात १०, पपईत ८, कलिंगडात ६. पिकलेल्या हापूसमध्ये याहून जास्त. फळं वर्ज्य करावीत असं मी म्हणत नाही. फळ निवडणं हीच साखर कमी करण्याची पहिली पायरी आहे, एवढं यातून घ्यावं. रस काढून गर फेकला, तर दाटपणाही जातो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजते. तिच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एकास एक प्रमाणाच्या ३० मिलिलिटर पाकात १५ ते १८ ग्रॅम साखर असते. दिवसाचा बराचसा वाटा एका ग्लासात संपला.

डबाबंद आमरसात बहुधा साखर घातलेली असते. घटकांची यादी वाचूनच डबा घ्यावा. पिना कोलाडात तर नारळाचे दोन डबे हमखास एकमेकांत मिसळले जातात. परदेशी कृतीतली ‘क्रीम ऑफ कोकोनट’ म्हणजे साखरेने घट्ट केलेला नारळ. आपल्याला हवं ते साधं नारळाचं दूध, घरी खोबरं वाटून पिळलेलं असेल तर उत्तमच. गोडी ठरवणं मग पूर्णपणे आपल्या हातात राहतं.

गैरसमज ५ : गूळ किंवा मध घातला, की साखरेचा प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : मधात सुमारे ८० टक्के साखरच असते आणि गुळाचाही मोठा भाग साखरच. दोन्हींना आपापली सुंदर चव आहे. रमसोबत गूळ फार छान लागतो. चवीसाठी अर्धा चमचा घालावा, पण हिशेबात साखर म्हणूनच धरावा.

गैरसमज ६ : स्टीव्हिया घातलं, की जसंच्या तसं पेय मिळतं.

वस्तुस्थिती : स्टीव्हियातली गोड द्रव्यं साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. चिमूटभर पुरतात, म्हणूनच दाटपणा काहीच देत नाहीत. प्रमाण थोडं चुकलं, की मागून कडवट चव येते. एरिथ्रिटॉल साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड असतं. पण जास्त घातलं तर थंडीत त्याचे खडे धरतात आणि पेय दाताखाली रवाळ लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोज यांसारखे साखरेतर गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ती लागू केलेली नाही. गोडव्याने एक काम होतं, बाकी दोन गर आणि मद्य यांनाच करावी लागतात.

गैरसमज ७ : थंड पेयात गोडी लागत नाही, म्हणून साखर वाढवावीच लागते.

वस्तुस्थिती : पहिला अर्धा भाग खरा आहे. जिभेवरच्या चवपेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाची प्रथिनाची वाहिनी असते. ती थंडीत मंद पडते आणि गोडीचा संदेश क्षीण होतो. दुसरा अर्धा भाग मात्र चुकीचा. साखर न वाढवता चव वाढवण्याचे मार्ग आहेत. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी पुढे आणतं. पूर्ण पिकलेलं फळ निवडावं. फळातली फ्रुक्टोज थंडीत अधिक गोड लागते. लिंबू कमी घालावं, कारण आंबटपणाला उत्तर द्यायलाच बहुतेक वेळा साखर ओतली जाते. लिंबाची किसलेली साल, आल्याचा रस, पुदिना, भाजलेलं जिरं यांचा सुगंध पेय भरीव करतो. ग्लासात ओतल्यावर दोन मिनिटं थांबलं, तरी फरक कळतो.

बिनसाखरेच्या डायकिरीचा दाखलाही आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे ‘फ्लोरिडिटा’मध्ये साखर न घालता, दुप्पट रमची डायकिरी मागवत. साखरेच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा, रमच्या बाबतीत नको. थंडी गोडी लपवते तसा मद्याचा तिखटपणाही लपवते. म्हणून ही पेयं भराभर प्यायली जातात.

गैरसमज ८ : साखर कमी आहे, तर मधुमेहींना हे पेय निर्धोक.

वस्तुस्थिती : हा सर्वांत धोक्याचा गैरसमज आहे. रक्तातली साखर घसरू लागली, की यकृत नवी साखर तयार करून ती सावरतं. मद्यार्क आला, की यकृत आधी त्याच्या मागे लागतं आणि हे काम मंदावतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी साखर एकाएकी कमी होण्याचा धोका असतो. हे पिऊन कित्येक तासांनी, अगदी झोपेतही होऊ शकतं. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं नशेसारखीच दिसतात. सोबतचे लोक ‘चढली आहे’ म्हणून सोडून देतात आणि मोलाचा वेळ जातो. बिनसाखरेचं पेय रिकाम्या पोटी घेतलं, तर हा धोका वाढतो.

निरोगी माणसानेही एक गोष्ट जाणून घ्यावी. ऑस्ट्रेलियातल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेवढीच व्होडका कृत्रिम गोडव्याच्या पेयासोबत घेतल्यावर ती पोटातून लवकर पुढे सरकली आणि रक्तातलं मद्यार्काचं प्रमाण साखरेच्या पेयापेक्षा जास्त वर गेलं. म्हणजे ‘डाएट’ मिक्सरने नशा कमी होत नाही, उलट लवकर होते. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मधुमेह, यकृताचा विकार, गरोदरपण किंवा नियमित औषधं असतील, तर हेच पेय मद्याविना करावं. तेव्हा ते घुसळल्याबरोबर प्यावं, कारण मऊपणा राखणारं मद्य त्यात नाही.

आता प्रत्यक्ष कृती. दोन ग्लासांसाठी २५० ग्रॅम गोठवलेल्या अननसाच्या फोडी, १०० मिलिलिटर साधं नारळाचं दूध, ९० मिलिलिटर फ्रीझरमधली रम किंवा काजूफेणी, चार चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅम बर्फ. मिक्सरचं भांडं आधी फ्रीजमध्ये थंड करावं, म्हणजे घुसळताना बर्फ कमी वितळतो. आधी द्रव, मग फळ, शेवटी ठेचलेला बर्फ. मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवावा. एका ग्लासात साधारण १४ ग्रॅम साखर येते, सगळी फळातली आणि नारळातली. मद्यार्काचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास बसतं. नारळाच्या दुधाऐवजी गाईचं दूध किंवा दही वापरू नये. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधाची प्रथिनं तोडतं आणि पेय कडवट होतं. गोठवल्याने ते नष्ट होत नाही.

याहून कमी साखर हवी असेल, तर कलिंगड घ्यावं. दोन ग्लासांसाठी ३०० ग्रॅम गोठवलेल्या फोडी, दोन चमचे कोकमाचं आगळ आणि हंगाम असेल तर १५० मिलिलिटर हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाचं पहिल्या ऊर्ध्वपातनाचं हलकं मद्य. हुर्राकात मद्यार्क साधारण १५ टक्केच असतो, म्हणून घरच्या फ्रीझरमध्ये त्यात बर्फ धरतो. तो साध्या फ्रीजमध्येच थंड करावा. आगळ खारट असतं, वेगळं मीठ नको. कलिंगडात गर कमी, तेव्हा दाटपणासाठी भिजवलेला सब्जा शेवटी ढवळावा. एका ग्लासात साखर नऊ ग्रॅमच्या आसपास.

कायदाही पाळावा. महाराष्ट्रात रम-फेणीसारख्या मद्यासाठी किमान वय २५ आहे आणि परवाना लागतो. गोव्यात किमान वय १८ आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

शेवटी सांगायचं ते एवढंच, की डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका. एक छोटा मोजणीचा पेला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी ठेवा. पाक मोजून वगळता येतो, रमही मोजूनच कमी ठेवता येते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच ‘कमी साखरेचं’ या शब्दांना अर्थ राहतो.