कवटी न उघडता मेंदूत चटका

पोटाच्या सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत जातात, आदळून परततात आणि त्या परतीवरून पडद्यावर चित्र उमटतं. त्याच जातीच्या लहरी जास्त ताकदीने, अनेक बाजूंनी सोडून एका बिंदूवर एकवटल्या, तर तिथे चटका बसतो. वाटेतल्या पेशींना सहसा काही होत नाही. लहरी जिथे एकवटतात तिथलं तापमान मात्र ५५ ते ६० अंशांवर जातं आणि तेवढाच भाग मरतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींसाठी अमेरिकेत या उपचाराला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूला आणखी बारा वर्षं लागली.

अडचण कवटीची. १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी मेंदूवर हा प्रयोग केला, पण त्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागे. मग शस्त्रक्रिया टळली कुठे? हाड ध्वनी शोषून तापतं आणि त्याची जाडी जागोजागी वेगळी, त्यामुळे लहरींची वेळ चुकते. यावर तोडगा पुढे संगणकाने दिला. आधी सीटी स्कॅन काढून कवटीचा नकाशा करायचा आणि शिरस्त्राणासारख्या यंत्रातल्या १०२४ ध्वनिस्रोतांपैकी प्रत्येकाची वेळ त्यानुसार मागेपुढे करायची.

याचा ठळक उपयोग ‘इसेन्शियल ट्रेमर’मध्ये झाला. यात हात काही करायला गेलं की थरथरतो. कंपवातात तो बहुधा स्वस्थ असताना थरथरतो. रुग्णाच्या डोक्याचा गोटा करतात, कारण केसांत अडकलेली हवा ध्वनी अडवते. कातडीपुरती भूल देऊन डोक्याला स्क्रूंनी चौकट बसवतात (‘कापाकापी नाही’ म्हणताना हे स्क्रू कुणी सांगत नाही). कवटी तापू नये म्हणून भोवती थंड पाणी फिरत असतं. मग एमआरआयच्या बोगद्यात, जागेपणी, मेंदूतल्या थॅलॅमस या भागातल्या नेमक्या जागी आधी हलकी ऊब देतात. एवढ्या उबेने पेशी मरत नाहीत, थोडा वेळ गप्प होतात. तेवढ्यात रुग्णाला कागदावर चक्राकार रेघ काढायला लावतात. रेघ सुधारली आणि ओठ-बोटांना मुंग्या आल्या नाहीत, तर जागा बरोबर. नाहीतर बिंदू किंचित सरकवायचा. खरा चटका त्यानंतर. मला या उपचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते: आधी तपासून पाहण्याची सोय. तापमानही एमआरआयवर दर काही सेकंदांनी दिसत राहतं.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफ इलायस यांच्या नेतृत्वाखालची ७६ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींवर उपचाराचं नुसतं नाटक केलं होतं. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात हाताची थरथर सरासरी ४७ टक्क्यांनी उतरली, नाटकाच्या गटात जवळजवळ नाहीच. पण उपचार झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांची चाल बिघडली, ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या. वर्षभरात हे प्रमाण ९ आणि १४ टक्क्यांवर आलं, शून्यावर नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली.

मेंदूत तारा बसवून विजेचे स्पंद देणाऱ्या उपचारात कवटीला छिद्र पाडावं लागतं, पण स्पंद कमीजास्त करता येतात, बंदही करता येतात. इथे जळालेलं परत येत नाही. शिवाय कवटीचं हाड विरळ असेल तर ध्वनी पुरेसा आत पोचत नाही आणि रुग्णाला नकार मिळतो. सुरुवातीला मान्यताही एकाच बाजूपुरती होती, कारण दोन्ही थॅलॅमसवर घाव घातले की बोलण्यावर आणि तोलावर परिणाम होण्याचा धोका वाढतो. मध्ये काही महिने जाऊ देऊन दुसऱ्या बाजूवर उपचार करायला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.